तहाचे मासे आणि मळकी खापरं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्यातल्या दोन राज्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. एक राज्य होतं डोंगरावर, दुसरं खाली नदीकाठी. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. शेवटी लढून लढून दोन्ही राज्यं दमली आणि तह करायचं ठरलं.

त्या मुलखात तहाची एक रीत होती. दोन्ही बाजूंनी एकमेकांना काहीतरी जिवंत द्यायचं, आणि ते जिवंत असेपर्यंत तलवार म्यानातून काढायची नाही. डोंगराच्या राज्याने नदीकाठाला वडाचं एक रोप दिलं. ते तिकडे छान रुजलं. नदीकाठाने डोंगराला दिले मासे. सोनेरी पाठीचे, निळ्या शेपटीचे. आता रोप सांभाळणं सोपं. नदीचे मासे डोंगरावर सांभाळणं हे महाकठीण काम.

राजाने ते काम एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांकडे सोपवलं. त्यांच्याइतकं शिकलेलं राज्यात कुणी नव्हतं, आणि त्यांच्याइतकं धास्तावलेलंही. जेवायला बसले तरी लक्ष माशांकडे. मध्येच उठून पाहून येत आणि मग गार झालेला भात खात. लोक हसत. पण अशा धास्तीनेच ते मासे जगले होते, त्यांना पिल्लं झाली होती, पिल्लांनाही पिल्लं झाली होती. मासे सांभाळायला खरं तर असाच माणूस लागतो.

मासे काचेच्या मोठ्या पेटीत राहत. पेटीशेजारी मडक्यांची उतरंड रचलेली होती. या मडक्यांच्या बुडाला बारीक भोकं होती. ओढ्याच्या धारेवर फिरणारा छोटा रहाट पेटीतलं पाणी उचलून सगळ्यात वरच्या मडक्यात ओती, आणि ते मडक्यामडक्यातून झिरपत पुन्हा पेटीत येई.

वरच्या मडक्यात घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळ्या होत्या. कचरा, उरलेलं खाणं तिथेच अडकायचं. मधल्या मडक्यात भाजलेल्या मातीची खडबडीत खापरं होती. खालच्यात कोळसा. पाण्याचा रंग आणि वास तो ओढून घेई.

तिघांचे स्वभाव वेगळे, आणि बुवांना ते पाठ होते. जाळी लवकर तुंबे, म्हणून ती ते वरचेवर पिळत; तीही पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, विहिरीच्या पाण्यात कधीच नाही. कोळसा काही काळाने थके, तेव्हा सरळ नवा घालत, कारण थकलेला कोळसा धुऊन ताजा होत नाही. खापरांना मात्र ते सहसा हात लावत नसत. खापरांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला होता. माशांच्या घाणीतून पाण्यात जे विष उतरतं, त्यावर जगणारे अगदी सूक्ष्म जीव त्या थरात राहतात, असं बुवांनी वर्षानुवर्षं निरखून ताडलं होतं. फारच चिकटा झाला, तर ते निम्मीच खापरं काढून पेटीच्या पाण्यात हलकेच खळबळत. उरलेल्या निम्म्यांची पाळी पुढे कधीतरी येई.

दरवर्षी नदीकाठाहून एक म्हाताऱ्या वकीलबाई, म्हणजे तिकडच्या राजाच्या दूत, मासे पाहायला येत. तहात दिलेले पहिले मासे त्यांच्याच मासेघरात वाढलेले होते. त्या पाहत, मान डोलवत, आणि तह आणखी एक वर्ष पुढे जाई.

एका वर्षी वकीलबाई येण्याच्या सुमारास डोंगरावरच्या नव्या राणीने उतरंडीत डोकावून पाहिलं.

"शास्त्रीबुवा, हे काय हो? बोट लावलं तर बुळबुळतंय! त्यांच्या माशांना आम्ही गटारात ठेवलंय असं वाटेल वकीलबाईंना."

"राणीसाहेब, ते तसंच असावं लागतं," बुवा म्हणाले. "म्हणजे, मला आपलं तसं वाटतं. त्यात जीव असतात."

"दिसतात?"

"दिसत नाहीत."

"मग कशावरून म्हणता?"

"अनुमान आहे. आता माझं चुकतही असेल म्हणा."

"चुकतच असेल," राणी हसून म्हणाली आणि तिने पदर खोचला.

राणी दुष्ट नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. दासींबरोबर ती स्वतः घासायला बसली. मडकी राखेने घासली, चिंचेने घासली, वर कढत पाणी ओतलं. पेटी आतून लख्ख पुसली. खापरं उकिरड्यावर टाकून त्यांच्या जागी संगमरवराचे गुळगुळीत, पांढरेशुभ्र खडे भरले. राजा पाहायला आला तेव्हा म्हणाला, "वा! आता कुठे हे राजवाड्यात शोभतंय." बुवा कोपऱ्यात उपरण्याचं टोक पिळत उभे होते. त्यांच्या ओठांवर शब्द येत होते आणि परत जात होते.

पहिल्यांदा पाणी इतकं नितळ दिसलं की मासे हवेत पोहताहेत असं वाटावं. मग ते तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. मासे तळ सोडून वर आले आणि तोंड उघडून धापा टाकू लागले. एका सकाळी एक मासा पाण्यावर आडवा तरंगताना दिसला.

बुवांनी माशांचं खाणं बंद केलं. रोज थोडं पाणी काढून ओढ्याचं थोडं पाणी घालायला सुरुवात केली. त्याने मासे तगले, पण सुधारले नाहीत. उकिरड्यावरची खापरं उन्हात कोरडी ठणठणीत होऊन पडली होती.

राजाने सगळ्यांना बोलावलं. प्रधानजी म्हणाले, "त्यात काय एवढं! बाजारातून तसलेच मासे आणून सोडू. वकीलबाईंना हल्ली नीट दिसत नाही म्हणतात."

राणीचा चेहरा उतरला होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली.

"निम्मी माझी आहे, राणीसाहेब," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "तुम्ही विचारलंत तेव्हा मला ठाऊक होतं. ते मी 'चुकतही असेल' म्हणून पातळ करून सांगितलं. आता तसं सांगत नाही. त्या खापरांवर पाणी शुद्ध करणारे जीव होते आणि आपण ते मारले. नवा थर धरायला फार वेळ लागतो, तेवढा माशांपाशी नाही. थर धरलेली, ओली, जिवंत खापरं हवीत. ती एकाच ठिकाणी मिळतील."

"कुठे?" राजाने विचारलं.

"नदीकाठी. वकीलबाईंच्या मासेघरात."

प्रधानजी उसळले. "म्हणजे वैऱ्याच्या दारात जाऊन सांगायचं, की तुमचे मासे आम्ही मारतोय?"

"हो," बुवा म्हणाले. "मीच जातो."

राजाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. या माणसाने आजवर कधी असं सरळ 'हो' म्हटलेलं त्याला आठवेना. "माझं तट्टू घेऊन जा," तो म्हणाला.

बुवा तट्टूवर बसून निघाले. मागे फिरावं असं त्यांना प्रत्येक वळणावर वाटलं. पण तट्टू उतारावरून चालत राहिलं आणि बुवा त्याच्यावर बसून राहिले. भित्र्या माणसाचं धाडस हे असंच असतं, आणि शूराच्या धाडसापेक्षा त्याची किंमत तसूभरही कमी नसते.

वकीलबाई निघायच्याच तयारीत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती मेले?"

"एक."

"कशाने घासलीत मडकी?"

"राखेने. आणि चिंचेने."

"अगं बाई, चिंचसुद्धा!" वकीलबाईंना हसू आवरेना. "अहो शास्त्रीबुवा, मासे सांभाळत होतात की देवळातल्या समया?" मग त्या एकदम गंभीर झाल्या. "मी हे दरबारात सांगितलं तर आमचा सेनापती आजच शिंग फुंकेल. तो निमित्तच शोधतोय. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग आलात कशाला? बाजारात मासे मिळाले असते. मला तरी काय कळणार होतं?"

"तुम्हाला कळलं नसतं," बुवा म्हणाले. "पण मग तह मेलेलाच असता, बाईसाहेब. फक्त त्याचा वास कुणाला आला नसता."

वकीलबाई उठल्या. मासेघरात गेल्या आणि आपल्या मधल्या मडक्यात कोपरापर्यंत हात घालून मळकी, बुळबुळीत खापरं काढू लागल्या. निम्म्यावर आल्यावर थांबल्या.

"एवढीच देते. सगळी दिली तर माझे मासे धापा टाकतील. निम्मी राहिली की त्यांच्यावरून नव्यांवर थर चढतो."

खापरं ओल्या फडक्यात गुंडाळून त्या स्वतः निघाल्या. गाडीत ते गाठोडं मांडीवर घेऊन वाटभर त्यावर पाणी शिंपडत होत्या. म्हाताऱ्या हातांची ती काळजी पाहून बुवांना वाटलं, आपल्यासारखं जेवण अर्धवट टाकून उठणारं माणूस वैऱ्याकडेही आहे.

संगमरवराचे खडे निघाले, खापरं आत गेली. पाणी सावकाश निवळलं. मासे एकेक करून तळाशी उतरले. राणी वकीलबाईंच्या पाया पडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हात झपाट्याचा आहे हो तुमचा, राणीसाहेब. आता तो आवरायला शिका."

परत गेल्यावर वकीलबाईंनी दरबारात काहीच लपवलं नाही. "त्यांचा एक मासा मेला," त्या म्हणाल्या, "आणि ते सांगायला त्यांचा माणूस स्वतः माझ्या दारात आला. उरलेले जिवंत आहेत, मी पाहून आले." नदीकाठचा राजा विचारात पडला. मग त्याने सेनापतीला खाली बसायला सांगितलं.

तेव्हापासून तहाच्या रीतीत एक भर पडली. दरवर्षी निम्मी खापरं डोंगरावरून नदीकाठी जात आणि निम्मी नदीकाठाहून डोंगरावर येत. राणी शास्त्रीबुवांशेजारी बसून पेटीच्या पाण्यात घोसाळ्याची जाळी पिळायला शिकली. आणि काही वर्षांनी अशी वेळ आली, की कुठलं खापर कुणाचं, हे दोन्ही राज्यांत कुणालाच सांगता येईना.

बोध एवढाच, की जे जिवंत आहे ते साफ करताना निम्मं जुनं राखावं. नवं रुजतं ते त्याच्याच आधाराने.