नदीपलीकडची दूधआई

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका राजानं टेकडीवर नवी राजधानी वसवली. ज्यांनी तिचे दगड वाहिले, ते लोक वेशीजवळच झोपड्या बांधून राहिले. पुढे तेच शहराचं पाणी भरू लागले, कपडे धुऊ लागले, रस्ते झाडू लागले.

राणीला मुलगा झाला. पण बाळंतपणात ती तापानं आजारी पडली आणि तिला दूध येईना. तेव्हा वस्तीतली एक तरुण बाई राजपुत्राची दूधआई झाली. तिची स्वतःची मुलगीही तान्हीच होती. ती तिला कडेवर घेऊन राजवाड्यात यायची आणि दोघांनाही पाजायची. दोन्ही बाळं छान बाळसं धरू लागली.

एकदा दूरदेशीचे राजे नवं शहर पाहायला येणार होते. सज्जात उभा असलेला राजा प्रधानाला म्हणाला, "पाहुणे वेशीतून येणार. त्यांना आधी या झोपड्या दिसतील."

"नदीपलीकडे जागा पुष्कळ आहे, महाराज," प्रधान म्हणाला.

पाहुणे येण्याआधी वस्ती हलली. तिथं बाग झाली. पलीकडच्या लोकांनी सकाळच्या नावेनं कामाला यावं, संध्याकाळच्या नावेनं परत जावं आणि मुलंबाळं सोबत आणू नयेत, असा नियम झाला.

पाहुण्यांनी शहराची फार स्तुती केली.

पलीकडची जमीन दलदलीची होती. विहीर नव्हती. लोक नदीचंच पाणी पीत आणि शहराची सगळी गटारं त्याच नदीत सुटलेली होती.

दूधआई राणीला म्हणाली, "राणीसाहेब, पोरीला सोबत आणू द्या. एका कोपऱ्यात पडून राहील ती."

राणीनं राजाला विचारलं. राजा म्हणाला, "आज एकीला मुभा दिली, तर उद्या सगळ्याच मागतील." राणीनं दूधआईला तेच सांगितलं.

दूधआई दिवसभर राजपुत्राला पाजायची. तिकडे शेजारीण तिच्या मुलीला नदीच्या पाण्यात पेज कालवून भरवायची. मुलीला जुलाब सुरू झाले. एका संध्याकाळी दूधआई नावेतून उतरली, तेव्हा मुलगी गेलेली होती.

ती कामावर आली नाही, म्हणून राजवाड्यातून पालखी गेली. ती निमूट आली. तिनं राजपुत्राला मांडीवर घेतलं, छातीशी धरलं. तो भुकेनं रडतच राहिला.

"काय झालं गं?" राणीनं विचारलं.

"माझी पोर गेली, राणीसाहेब. तिच्यामागे दूधही आटलं."

दुसऱ्या दूधआईचा शोध सुरू झाला. पण आपलं तान्हं मागे ठेवून यायला आता एकही आई तयार होईना. राजपुत्र शेळीच्या दुधावर कसाबसा जगला, पण कायमचा अशक्त राहिला.

तेव्हा कुठे राजा पहिल्यांदा नदी ओलांडून गेला. ते पाणी, ती दलदल त्यानं डोळ्यांनी पाहिली. त्यानं बाग मोडली, नियम रद्द केला, वेशीजवळ विहिरी खोदवल्या आणि वस्ती पुन्हा तिथं आणली. सगळे परतले. दूधआई मात्र परतली नाही.

राजा स्वतः तिच्याकडे गेला. म्हणाला, "तुला वेशीजवळ पक्कं घर देतो."

"घर तेव्हा हवं होतं, महाराज," ती म्हणाली. "आता माझी पोर इथल्या मातीत आहे."

राजा एकटाच नावेत बसून परतला.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: ज्यांच्या कष्टांवर शहर जगतं, त्यांनाच जेव्हा ते बाहेर लोटतं, तेव्हा ते आपलाच जीव धोक्यात घालतं.