परातीला ओ

“परात म्हणतो तो मला, बुवा. सख्खा भाऊ... आणि परात! ह्याचं मी काय करू?”

सोमगीर बुवा मठाच्या ओट्यावर भाकरीचं पीठ मळत होते. वर न बघता म्हणाले, “बस आदी.”

मंदाकिनीबाई बसल्या. मी शेजारी कांदे चिरत होतो; ह्याहून मोठं काम मठात मला कुणी देत नाही. बाईंनी एकतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. निम्म्या गावाचे ऱ्हस्वदीर्घ त्यांनी सुधारले, आणि उरलेल्या गावाची आशा त्यांनी अजून सोडलेली नाही.

“पानी घे,” बुवा म्हणाले.

“पाणी,” बाई म्हणाल्या, आणि तांब्या उचलून घटाघटा प्यायल्या. उन्हातून चालत आल्या होत्या.

बुवा नुसते हसले.

धनंजय त्यांचा धाकटा भाऊ. शिंपीकाम करायचा. दिवाळीच्या घाईत त्यानं एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, तेव्हा सगळे हसले, तोही हसला. मग डोकं दुखायला लागलं, सकाळच्या उलट्या सुरू झाल्या, आणि एक दिवस कात्रीला काय म्हणतात तेच आठवेना. मिरजेला नेऊन एमआरआय काढला. मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली.

“ऑपरेशन झालं,” बाई सांगत होत्या. “तुकडा तपासायला गेला, कॅन्सर निघाला. मग रेडिएशनचे तीस शेक दिले. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात, हलायचं नाही. तो एकदाही हलला नाही हो. आता गोळ्या चालू आहेत... डॉक्टर म्हणतात, वर्ष. फार तर दीड.”

“आनि बोलनं?”

“गाठ नेमकी शब्दांच्या जागी होती. मी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून तक्ते केले. रोज सकाळ-संध्याकाळ शिकवलं. आणि हा आतल्या खोलीतून मला हाक मारायचा... ‘परात! ए परात!’”

“आनखी कुनाला म्हंतो परात?”

“कुणालाच नाही.”

“खऱ्या परातीला?”

बाई थांबल्या. “तिला... ‘ते’ म्हणतो.”

“हाक मारली की जात हुतीस?”

“हातातलं टाकून जायचे. दारात उभी राहून सांगायचे, परात नाही, अक्का. म्हण, अ...क्का. चाळीस-चाळीस वेळा म्हणवून घेतलं. घाम फुटायचा त्याला.”

“ओ दिलीस?”

“परातीला ओ कशी देऊ, बुवा?”

बुवांचा हात पिठात थांबला... मग पुन्हा चालू लागला.

“आता आठ दिवस झाले,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वर्गातला राहिला नव्हता. “हाकच मारत नाही. काही हवं असलं की खाटेवर बोटं वाजवतो. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी असते... आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. तेव्हापासून पन्नास वर्षं अक्का, अक्का करून त्यानं माझं डोकं खाल्लं. मला दुसरं काही नको. जायच्या आधी एकदा म्हणू दे. एकदाच. मंत्र द्या, उपास सांगा, काय वाटेल ते सांगा.”

मला फार वाईट वाटलं. समोर कांदे होते म्हणून डोळे पुसता आले.

बुवा पीठ मळतच राहिले. मळून झालं, गोळा झाला, तसा दुसरा मळायला घेतला.

बाई उठल्या. त्यांना राग आला होता, आणि राग लपवायची त्यांना कधीच सवय नव्हती.

“येते,” एवढंच म्हणाल्या.

फाटकापर्यंत गेल्या. कडीला हात घातला.

“परात!” बुवांनी मोठ्यानं हाक मारली. “ए परात!”

“ओ!”

बाई गर्रकन वळल्या होत्या. ओ तोंडातून निघून गेली होती, आणि आता ती मागे घेता येत नव्हती. तशाच उभ्या राहिल्या, एक हात कडीवर. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

मी बुवांकडे पाहिलं. पिठाची परात त्यांच्या मांडीला लागूनच होती.

बुवा म्हणाले, “ही ओ माजी न्हवं, बाई. घरी घिऊन जा.”