अध्यक्षांचा शब्द

बोरखडीच्या ग्रामसभेत तालुक्याच्या सहकारी बँकेचे अध्यक्ष भाऊसाहेब रणपिसे पेढ्यांचे पुडे घेऊन आले. म्हणाले, "आता आमची बँक ग्रामपंचायतींचं कामही बघणार. घरपट्टी दारावर येऊन गोळा करू. तुम्ही फक्त नळयोजनेचा निधी आमच्याकडे ठेवा."

सरपंच यमुनाबाईंनी पेढा हातातच धरला. मांजर आपणहून दुधाची राखण करायला आलंय, असं त्यांना वाटलं. त्या निधीवर गावाचं उन्हाळ्याचं पाणी अवलंबून होतं.

"आणि पैसा बुडाला तर?"

भाऊसाहेब हसले. "बाई, माझा शब्द आहे ना! अख्खं गाव मला ओळखतं."

"मलाही ओळखतं. तरी म्हशीसाठी कर्ज मागितलं, तेव्हा तुम्ही दोन जामीनदार मागितलेत."

"पैसे देणाऱ्यानं खात्री करून घ्यायलाच हवी. रागावू नका."

"रागावत नाही. आज पैसे देणारं गाव आहे. तेव्हा तुम्हीही दोन जामीनदार द्या, याच सभेतले."

भाऊसाहेबांनी मोठ्या आशेनं पहिल्या रांगेतल्या सख्ख्या मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणे उठले आणि दाराशी जाऊन आपल्या चपला शोधू लागले.