राजाची परकी जीभ

एका राज्यात चंद्रधवल नावाचा राजा होता. एकदा तो शिकारीहून परतला, तेव्हा महाद्वारी राणी हेमवल्लीने त्याला ओवाळले.

"राणी, तुला पाहून आनंद झाला," राजा म्हणाला. पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. राणीच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी राजाने दरबारात हुकूम सोडला, "प्रधान फितूर आहे. सूर्यास्ताला त्याचा शिरच्छेद करा!" आणि बोलता बोलता त्याचे हात प्रधानापुढे जोडले गेले. दरबाऱ्यांनी शब्द ऐकले, राणीने हात पाहिले. हा कोणी तोतया तर नव्हे?

तिने शिकारीत राजासोबत असलेल्या त्याच्या पाळीव साळुंकीला विचारले. साळुंकी मनुष्यवाणीने वदली, "देह राजाचाच आहे, राणीसाहेब. जीभ मात्र मायावी कालकंठाची. रानात त्याने ती बदलली."

"मग राजाची जीभ कोठे आहे?"

"ते त्या देहालाच ठाऊक."

हिच्यावर तरी विश्वास कसा ठेवावा? तरीही राणीने राजाचा हात धरला. "महाराज, मला तुमच्या जिभेपाशी न्या."

"वेड लागले काय? मागे फीर!" जीभ कडाडली. पावले पुढेच निघाली.

नदीकाठी जीभ म्हणाली, "इथे डोह आहे, बुडशील." राजाने तिला हाताचा आधार देऊन उतार दाखवला.

पलीकडे एक जुनाट वड होता. बुंध्याशी वारूळ, वर ढोली. जीभ मधाळली, "लाडके, वारुळात हात घाल. तुझ्यासाठी रत्नहार ठेवलाय." राजाने तिला खसकन मागे ओढले. त्याची नजर ढोलीवर खिळली होती.

ढोलीत तांब्याची लाखबंद कुपी होती.

"फोडू नकोस! राजा मरेल!" जीभ ओरडली.

राणीचा हात थबकला. हेच खरे असले तर? तिने राजाकडे पाहिले. तो गुडघे टेकून, ओंजळ पसरून शांत बसला होता.

तिने कुपी दगडावर आपटली, तशी तिची लाख फुटली. राजाच्या मुखातून काळा भुंगा निघाला आणि हवेतच जळून राख झाला. दूर रानात कालकंठाची किंकाळी उठली व विरली.

राणी दोन पावले मागे सरली. "बोला, महाराज."

"मला फार भीती वाटत होती गं," राजा म्हणाला. आवाज कापत होता. हातही कापत होते.

तेव्हा कुठे ती जवळ गेली. सूर्य मावळण्याआधी प्रधानाच्या बेड्या तुटल्या, आणि राज्याची विस्कटलेली घडी पुन्हा नीट बसली.