लाखा उंटाचं गायरान

खूप वर्षांमागे एका तांड्यातला लाखा नावाचा उंट पाय मुरगळला म्हणून गोदाकाठच्या गायरानात मागे राहिला. तिथल्या गायी म्हणाल्या, "राहा, पण आमच्यासारखं खाली वाकून गवत खा."

लाखा मुकाट्यानं वाकू लागला. मान भरून यायची, पोट मात्र रिकामंच राहायचं. महिन्याभरात त्याच्या बरगड्या दिसू लागल्या.

शेवटी म्हाताऱ्या कपिला गायीनं विचारलं, "तुमच्याकडे तू काय खायचास रे?"

इथे आल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. वाळूच्या टेकड्या, गार पहाट, आईच्या शेजारी उभं राहून ओरबाडलेला काटेरी पाला... तो कितीतरी वेळ सांगत राहिला.

"काटे आमच्या बाभळीलाही आहेत," कपिला म्हणाली. "चल."

लाखानं मान उंच करून पाला ओढला, तशा वरच्या शेंगा खाली पडल्या. गायींनी त्या चवीनं खाल्ल्या.

पुढल्या हिवाळ्यात वाळवंटाकडे निघालेला दुसरा तांडा तिथून गेला. लाखाचा पाय आता बरा झाला होता. तो वेशीपर्यंत सोबत गेला आणि थांबला.

"आईला सांगा," तो तांड्यातल्या उंटांना म्हणाला, "मी इथेच राहतोय. इथे तिच्या आठवणी विचारून ऐकणारं कुणीतरी आहे."