टिपरूचा दिवा लागेना

एक इवलंसं पिल्लू. पिवळं पिवळं, कापसासारखं मऊ. नाव त्याचं टिपरू.
टिपरू राहायचं हौसाकाकीच्या पेटीत. पेटीत गवत. गवतावर एक अंडं. अंड्यात टिपरूचं भावंड. आणि वर एक दिवा. दिव्याची छान छान ऊब!

एकदा काय झालं? दिवा गेला. फट्‌!
पेटी झाली गार. अंडं झालं गार.
आतून आवाज आला, "टक... टक..." मग तोही थांबला.

टिपरू घाबरलं. मग म्हणालं, "दिवादादा, दिवादादा, लाग ना!"
दिवा म्हणाला, "रेग्युलेटर मोजेल, तर मी लागेन."

पेटीला लागून होतं एक खोकं. त्यात राहायची दिव्याला वीज देणारी मंडळी. टिपरू निघालं. तुरुतुरु तुरुतुरु!

"रेग्युलेटरताई, मोज ना!
दिवा लागेना,
अंडं फुटेना,
मी करू काय?"
रेग्युलेटरताई म्हणाली, "मी वीज मोजून देते. ना कमी, ना जास्त. पण कपॅसिटर भरेल, तर मी मोजेन."

तुरुतुरु तुरुतुरु!
कपॅसिटरमामा गोल गोल. डब्यासारखं पोट.

"कपॅसिटरमामा, भर ना!
रेग्युलेटर मोजेना,
दिवा लागेना,
अंडं फुटेना,
मी करू काय?"
मामा म्हणाला, "मी पोटात वीज साठवतो. संथ संथ सोडतो. पण डायोड सोडेल, तर मी भरेन."

तुरुतुरु तुरुतुरु!
डायोडभाऊ एवढासा. काळा काळा. अंगावर पांढरा पट्टा.

"डायोडभाऊ, सोड ना!
कपॅसिटर भरेना,
रेग्युलेटर मोजेना,
दिवा लागेना,
अंडं फुटेना,
मी करू काय?"
भाऊ म्हणाला, "माझी वाट एकाच बाजूची. विजेने पुढे जायचं, मागे फिरायचं नाही! पण ट्रान्सफॉर्मर गुणगुणेल, तर मी सोडेन."

तुरुतुरु तुरुतुरु!
ट्रान्सफॉर्मर आजोबा जाडजूड. तांब्याची तार गुंडाळून बसलेले.

"आजोबा, आजोबा, गुणगुणा ना!
डायोड सोडेना,
कपॅसिटर भरेना,
रेग्युलेटर मोजेना,
दिवा लागेना,
अंडं फुटेना,
मी करू काय?"
आजोबा म्हणाले, "भिंतीतली वीज फार दांडगी. इकडे पळते, तिकडे पळते. मी तिला छोटी करतो. पण प्लग बसेल, तर मी गुणगुणेन."

तुरुतुरु तुरुतुरु!
प्लग कुठे? प्लग जमिनीवर, आडवा!

"प्लगोबा, बस ना!
ट्रान्सफॉर्मर गुणगुणेना,
डायोड सोडेना,
कपॅसिटर भरेना,
रेग्युलेटर मोजेना,
दिवा लागेना,
अंडं फुटेना,
मी करू काय?"
प्लग म्हणाला, "काकीने मला काढलं. माझ्या जागी स्वयंपाकघरातल्या मिक्सरची लांब वायर लावली. आता काकी खोचेल, तर मी बसेन."
"मी खोचू?"
"छे छे! ते मोठ्या माणसांचं काम. पिल्लांनी हात लावायचा नाही. चोच तर नाहीच नाही!"

टिपरू पळालं स्वयंपाकघरात. मिक्सर फिरत होता. घर्रर्र! घर्रर्र!

"हौसाकाकी, खोच ना!
प्लग बसेना,
ट्रान्सफॉर्मर गुणगुणेना,
डायोड सोडेना,
कपॅसिटर भरेना,
रेग्युलेटर मोजेना,
दिवा लागेना,
अंडं फुटेना,
मी करू काय?"
काकी म्हणाली, "थांब रे बाळा. चटणी झाल्याशिवाय मी नाही हलायची."
घर्रर्र! घर्रर्र!

आता मात्र टिपरू चिडलं. इवलीशी छाती फुगवली. काकीच्या पायाशी गेलं. आणि अंगठ्याला...
टोच! टोच! टोच!

"अगं बाई गं!" काकी उडालीच. "अंगठा खाल्लास की माझा! अरे, पण काय म्हणालास? दिवा लागेना?"
काकीने कपाळावर हात मारला. "अरे देवा! अंडं गार पडलं असेल!"
मिक्सर बंद. चटणी तशीच. काकी धावली. पुढे टिपरू, मागे काकी!

काकीने प्लग खोचला. खट्ट!
ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. गुंऽऽऽ!
डायोडने वीज सोडली. सुर्रर्र!
कपॅसिटर भरला. गुडगुड गुडगुड!
रेग्युलेटरने मोजलं. बरोब्बर!
दिवा लागला. लख्ख!

पेटी झाली उबदार. अंडं झालं उबदार.
टिपरूने कान दिला.
टक.
टक टक.
टक टक टक... तडाक!
अंडं फुटलं! ओलं ओलं डोकं बाहेर आलं. "चिव?"

इतक्यात शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. धडधड धडधड! घरातली वीज दचकली. छतावरची ट्यूब लुकलुकली. पण पेटीतला दिवा? जराही हलला नाही! रेग्युलेटरताई मोजत होती ना!

"शाब्बास माझ्या वाघा!" काकी म्हणाली.
टिपरू ताठ उभं राहिलं. भावंडाला पंखाखाली घेतलं. आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडलं,
"चिव चिव चिव! माझा दिवा लागला!"

दिव्याची ऊब, पिल्लांना झोप, आणि तुम्हाला एक पापा!