उंबरथडीचे बिनमिशांचे वस्ताद

उंबरथडीच्या तालमीत शिरलात की समोरच्या भिंतीवर वस्तादांच्या तसबिरी दिसतात. रुंद छात्या, डोक्याला फेटे, हातात काठ्या आणि ओठांवर मिशीचा मागमूस नाही. लाठी शिकवणारा माणूस आणि मिशी नाही, म्हणून पाहुणे हसतात. हसा खुशाल, आमची हरकत नाही. पण तिथून बाहेर पडून उजवीकडचं जुनं खळं बघितल्याशिवाय जाऊ नका, कारण त्या मिशा तिथं गेल्या.

फार मागे इथं सुभानजी वस्ताद होता. लाठीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. एका दसऱ्याला त्यानं मारुतीपुढे पण केला म्हणे. ज्याची काठी माझ्या अंगाला लागेल, मग ती लढतीत लागो की भर बाजारात, त्याला तालमीची गादी देईन आणि मिशी या पायरीवर उतरवून ठेवीन.

असा पण करून बसला खरा, आणि त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. गावातलं प्रत्येक पोरगं काठी घेऊन त्याच्या मागावर. तो जेवायचा भिंतीला पाठ लावून. मारुतीला नमस्कार करायचा तोही तिरका, एक डोळा मागे ठेवून. घरात केरसुणी हलली तरी ताटावरून उठून पवित्रा घ्यायचा, त्यामुळे बायकोनं तो घरात असताना केर काढणंच सोडून दिलं. अशी बारा वर्षं गेली. काठी काही लागली नाही, पण बारा वर्षांत त्या माणसानं सुखाचा घास खाल्ला नाही.

काठी लागायची नाही, त्याला कारण होतं. सुभानजी समोरच्याची काठी बघतच नसे, डोळे बघायचा. माणूस जिथं मारणार तिथं त्याची नजर आधी जाते, एवढंच त्याचं गुपित. नजर खांद्यावर गेली की याची काठी खांद्यापाशी तयार.

एका माघात तो शिष्यांना घेऊन खळ्यावर आला. ठकूमावशी तिथं तूर झोडपत होती. सत्तरीची बाई, नवऱ्यामागे एकटीनं शेत करणारी. वार कसा करू नये हे पोरांना दाखवायला सुभानजीला ती बरी सापडली.

"बघा, मनगट कुठं, पाय कुठं," म्हणत तो थेट राशीजवळ जाऊन उभा राहिला. "मावशे, बघतीयास कुठं? काठी चालवताना समोरच्याच्या डोळ्यात बघावं."

"तुझ्या डोळ्यात काय तूर हाय व्हय?" मावशी म्हणाली. "सरक वाईच, सुभाना. लागंल."

लागंल! बारा वर्षांत त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं. तो सरकला नाही, उलट पोरांकडे वळून हसला आणि राशीवर वाकून पुन्हा मावशीच्या डोळ्यांत बघू लागला. मावशीची नजर शेंगांवर होती. ती खांद्यावर गेली नाही, डोक्यावर गेली नाही, कुठंच गेली नाही. काठी मात्र मागून फिरून आली आणि वस्तादाच्या पाठीत धप्पकन बसली. असा आवाज आला म्हणे, की झाडावरचे कावळे उडाले.

मग थोरला शिष्य धीर करून म्हणाला, "वस्ताद, ही काय लढत न्हवं. आमी काय बी बघितलं न्हाई."

पळवाट चांगली होती. सुभानजीनं मिशीवरून एकदा हात फिरवला. पण मारुतीनं बघितलं होतं, आणि पाठीलाही चांगलंच कळलं होतं. त्यानं आपली काठी मावशीच्या पायाशी ठेवली. "मावशे, गादी तुझी."

"तुझ्या गादीवर काय शेंगा वाळत घालू?" मावशी वैतागली. "गादी ऱ्हाऊ दे तुझी तुला. पोरं रिकामी उभी हाईत, तेवढी तूर झोडून दे."

मग सगळी तालीम तुरीवर तुटून पडली. नजर शेंगांवर, मनातला वार डोळ्यात येऊ द्यायचा नाही आणि दाणा फुटता कामा नये. हाच पुढं उंबरथडीचा पहिला धडा झाला.

सुभानजी पायरीवर मिशी ठेवून परत आला, तोवर उन्हं डोक्यावर आली होती. मावशीनं त्याच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला. तो खळ्याच्या मधोमध बसला. मागं वीस काठ्या चालू होत्या आणि त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. दुसरी भाकरी मागून घेतली आणि खाता खाता रडला म्हणे. पोरांना वाटलं, मिशीसाठी रडतोय.

आजही पहिली तूर खळ्यावर आली की तालमीचा वस्ताद मिशी उतरवून तिथं जातो. गावातली सगळ्यात म्हातारी बाई शेंगांवरची नजर न हलवता त्याच्या पाठीत एक टोला घालते आणि मग भाकरी देते. तो सगळ्या गावाकडे पाठ करून जेवायला बसतो. त्याचं पोट भरेपर्यंत उंबरथडीत कुणी काठीला हात लावत नाही.